[मंडळ-सहल] बुटांचा साइज शुक्रवारपर्यंत कळवा. "अ" की "ब" तेही लिहा

प्रेषक: सहल समिती
सोमवार, रात्री ९.४०

मंडळी,

फॉर्म पुन्हा उघडलाय. साइजच्या रकान्यात निम्म्या लोकांनी नुसतं "८" लिहिलंय आणि काहींनी "नेहमीचा". टी-शर्टांच्या वेळी काय झालं होतं ते आठवा आणि नीट भरा.

सामुदायिक ऑर्डरची सवलत एकाच मॉडेलवर मिळते, मिसळून नाही. समितीने दोन निवडलेत:

अ) घोट्याच्या खाली येणारे, जाळीचे, मेम्ब्रेन (पाणी अडवणारा आतला पडदा) नाही. जोडीचं वजन साधारण ६५० ग्रॅम.
ब) घोट्यापर्यंत उंच, वॉटरप्रूफ मेम्ब्रेनवाले. जोडी किलोच्या जरा वर.

दिवसभराची चाल आहे. पाठीवर छोटी सॅक, मळलेली वाट, मधे थोडा दगडगोट्यांचा उतार. तंबू वगैरे काही नाही. एरवी बागकामाला, कुत्र्याला फिरवायलाही वापरता यावेत अशी अपेक्षा. बहुमताने ठरेल.

— समितीतर्फे

---

प्रेषक: अण्णा
सोमवार, रात्री १०.०५

"ब". यात मतदान कसलं घेताय? गेल्या सहलीत उतारावर कोणाचा पाय मुरगळला आणि कोणी धरून खाली आणलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशीही पायात हेच स्पंजाचे बूट होते. माझे चामड्याचे सोल बदलून घेतले की पुन्हा चालू लागतात. या जाळीवाल्यांचा सोल बदलता येतो का, ते विचारा आधी विकणाऱ्याला.

दुसरं. स्टोअररूममध्ये मंडळाचा हायकिंगचा खोका आहे. त्यात जेमतेम वापरलेले चांगले बूट आहेत. नव्या सभासदांनी आधी त्यातले बघावेत. चावी माझ्याकडे आहे. समितीला हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

— अण्णा

---

प्रेषक: छोटू
सोमवार, रात्री ११.३०

अण्णा, तुमच्या अनुभवाबद्दल वाद नाही, पण एवढ्याशा वाटेला किलोचे बूट कशाला? पायातलं वजन प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. तेच वजन पाठीवर असण्यापेक्षा पायात असलं तर चार-पाच पट महाग पडतं, हे लष्करी प्रयोगांतही दिसलंय. "अ" आणि "ब" मधला फरक चारशे ग्रॅमचा, म्हणजे सॅकमध्ये दीड-दोन लिटर पाणी वाढल्यासारखं. सकाळी जाणवत नाही, दुपारी पाय उचलेनासा झाला की ठेच लागते.

एमा गेटवुड १९५५ साली, वयाच्या ६७ व्या वर्षी, अमेरिकेतली अख्खी अ‍ॅपलेशियन ट्रेल एकटी चालली. तीन हजार किलोमीटरच्या वर. पायात साधे कॅनव्हासचे बूट.

माझं मत "अ".

---

प्रेषक: अण्णा
मंगळवार, सकाळी ६.१५

गेटवुडबाईंनी वाटेत कॅनव्हासचे किती जोड फाडले तेही वाच. पावसापासून आडोसा म्हणून त्या न्हाणीघराचा पडदा बरोबर घेऊन गेल्या होत्या. समिती आता फॉर्ममध्ये पडद्याचाही रकाना घालणार का?

आणि १९३५ साली आल्प्समध्ये पुंता रासिका शिखरावर सहा जण मरण पावले. पायात योग्य बूट नव्हते, हे त्यातलं एक कारण. त्यावरूनच व्हिताले ब्रामानी या इटालियन गिर्यारोहकाने खाचांचा रबरी सोल काढला, आज सगळ्यांच्या बुटाखाली असतो तो. बुटांच्या बाबतीत हयगय करू नये, एवढंच म्हणणं आहे.

— अण्णा

---

प्रेषक: छोटू
मंगळवार, सकाळी ८.००

पण अण्णा, ब्रामानीने सोल बदलला, घोट्याची उंची नव्हे! तुमचं उदाहरण पकडीचं आहे. खाचांचा सोल "अ" लाही आहे.

---

प्रेषक: वहिनी (फिजिओ)
मंगळवार, दुपारी १.२०

मुरगळलेल्या पायाचा उल्लेख झाला म्हणून लिहिते. पाय कोणाचा ते सांगत नाही, पण तो आधीही मुरगळलेला होता. घोटा पुन्हा मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते ती आधी मुरगळून नीट बरा न झालेल्यांना. त्यांना उंच बुटापेक्षा व्यायामाचा उपयोग जास्त. दात घासताना एका पायावर उभं राहा. जमू लागलं की डोळे मिटून करा, भिंतीजवळ.

कापडी उंच बुटाची घोट्यावरची पट्टी हाताने सहज वाकते. जी हाताने वाकते ती तुमच्या अख्ख्या वजनाला काय धरणार? उंच बुटांमुळे घोटा वाचतोच असं ठामपणे सांगता येत नाही, अभ्यासांचे निष्कर्ष दोन्हीकडचे आहेत. उंच बुटात खडे आणि चिखल कमी जातो आणि हाडाला दगड लागत नाही, हे मात्र खरं. अण्णांचे चामड्याचे बूट खरंच घोटा धरत असतील, पण इथे निवडायला ते नाहीतच. "ब" म्हणजे कापडाची उंच पट्टी.

दुकानात बूट हातात घेऊन तीन गोष्टी बघा. टाच आणि चवडा धरून पिळा: सहज पिळला जात असेल तर दगडांवर पाय दमेल. मग चवडा वर वाकवा: बोटं जिथून वाकतात तिथेच वाकला पाहिजे. मधेच दुमडला तर परत ठेवा. टाचेमागची वाटी दाबली तर दबू नये.

---

प्रेषक: खजिनदार
मंगळवार, सायंकाळी ६.४५

फॉर्म मी बनवला आहे, तेव्हा त्यात रकाने कोणते असावेत ते मी ठरवतो. पडद्याचा नाही.

"८" लिहिणाऱ्यांसाठी: ब्रिटिश ८, अमेरिकी पुरुषांचा ८ आणि अमेरिकी बायकांचा ८ हे तीन वेगळे बूट आहेत. युरोपीय आकड्यात साधारण ४२, ४१ आणि ३९. ब्रिटिश आणि अमेरिकी मापात एका नंबराला इंचाचा तिसरा भाग वाढतो, युरोपीयमध्ये सेंटिमीटरचे दोन तृतीयांश, त्यामुळे एका मापाचं दुसऱ्यात अचूक रूपांतर होतच नाही. म्हणून रकाना बदलून मिलिमीटर केलाय.

संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाऊल सुजतं. सहलीचे मोजे घालून कागदावर उभे राहा, बसून नको. वजन पडलं की पाऊल लांबतं. दोन्ही पाय मोजा. ते सारखे नसतात, मोठा असेल तो धरा. त्यात मोकळ्या जागेसाठी काही मिळवू नका, ते मी मिळवणार आहे. दोघांनीही मिळवलं तर बूट होडीएवढे येतील.

रुंदीचं मात्र या फॉर्मने काही होत नाही. ज्यांचा चवडा रुंद आहे त्यांनी खाली टीप लिहा.

---

प्रेषक: माई
मंगळवार, रात्री ९.००

सगळे घोट्यावरच अडकलेत. मेम्ब्रेनबद्दल कोणी बोलतच नाही, आणि "ब" चं वजन आणि उकाडा दोन्ही त्यानेही वाढतात.

ते मेम्ब्रेन म्हणजे बुटाच्या आत शिवलेला पातळ पडदा. गोर-टेक्सवाल्या बॉब गोरने १९६९ साली टेफ्लॉन ताणून काढला तोच प्रकार, नाहीतर त्याची भावंडं. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. कागदावर झकास आहे. वाफ बाहेर जायला आतलं गरम आणि दमट, बाहेरचं थंड आणि कोरडं असावं लागतं. उकाड्यात, दमट हवेत ती कुठे जाणार? पाय आतल्या आत भिजतो. वरचं कापड पाणी प्यायलं की मग तर बाहेर जायची वाटच बंद.

पाऊस तर वरून येतो. पायावरून ओघळत मोज्यावाटे बुटात उतरतो. ओढ्यात घोट्याच्या वर पाय गेला की झालंच. तेव्हा मेम्ब्रेन उलटं काम करतं: आत आलेलं पाणी बाहेर सोडत नाही. मग दिवसभर पायाला पाण्याची पिशवी बांधून फिरल्यासारखं. जाळीचा बूट पहिल्या डबक्यात भिजतो, कबूल, पण चालता चालता पाणी बाहेर टाकतो आणि हवा चांगली असेल तर तासा-दोन तासांत बराच सुकतो. ओल्या पायाला फोड येतात ते ओला राहिल्यामुळे, क्षणभर भिजल्यामुळे नव्हे.

थंडीत, बर्फाच्या चिखलात, सकाळच्या दहिवराच्या गवतात मात्र मी मेम्ब्रेनच घालते. तेव्हा ओला पाय म्हणजे गारठलेला पाय. आपली सहल त्यातली आहे का, ते समितीने आधी सांगावं. तारखा बघता मला वाटत नाही. कुत्र्याला सकाळी ओल्या गवतात नेणाऱ्यांचं म्हणणं वेगळं असू शकतं, त्यांनी आपल्यापुरतं बघावं.

मोजे सुती घेऊ नका, मग अ घ्या की ब घ्या. सूत घाम धरून ठेवतं. लोकरीचे पातळ, मेरिनो असेल तर उत्तम. सॅकमध्ये एक कोरडा जोड.

माझं मत "अ".

— माई

---

प्रेषक: बापू
मंगळवार, रात्री ९.२५

दोन मोजे घालावेत. आत पातळ, वर जाड. घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर नाही.

---

प्रेषक: माई
मंगळवार, रात्री ९.४०

बापू, दोन मोजे घालायचे तर मोजतानाही दोनच घाला. नाहीतर बूट आवळतो आणि फोड वेगळ्या जागी येतात.

---

प्रेषक: सहल समिती
बुधवार, सकाळी १०.१०

मोज्यांसाठी कृपया नवीन विषय सुरू करा.

खोक्याबद्दल: काल दोघा नव्या सभासदांना स्टोअररूम दाखवली (दुसरी चावी समितीकडे आहे). खोक्यातला एक जोड घालून ते हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि सोल मागे राहिला. दुसऱ्या जोडाला बोट लावलं तर भुगा पडला. त्यामुळे खोका सध्या बाद.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, सकाळी १०.२५

दुसरी चावी कोणत्या सभेत कोणाला दिली, त्याची नोंद दाखवा. आणि ते बूट जवळजवळ नवे होते. मी स्वतः पुसून, कागद भरून ठेवले होते. कोणीतरी ओढाताण केल्याशिवाय सोल निघत नाही.

---

प्रेषक: बापू
बुधवार, दुपारी १२.००

अण्णा, ओढाताण कोणी केली नाही. हे रसायनशास्त्र आहे, आणि नोकरीत मी आयुष्यभर हेच केलं म्हणून बोलतो. जड बुटांचा मधला थर बहुतेक पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकच्या फेसाचा असतो. हवेतली वाफ त्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडते, त्याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट वापरला काय, न वापरला काय, काही वर्षांनी थर भुसभुशीत होतो. उबदार दमट खोलीत लवकर. खालचं रबर टणक, वरचं चामडं चकचकीत, म्हणून कपाटातले "नवे" बूटच जास्त फसवतात. ठेवणाऱ्याचा यात काही दोष नाही.

हलक्या बुटांत बहुधा ईव्हीए या दुसऱ्या प्लास्टिकचा फेस असतो. त्याचा असा भुगा होत नाही, पण तो दबून बसतो. बाजूने आडव्या सुरकुत्या दिसल्या, अंगठ्याने दाबून परत उसळला नाही, की सोलच्या खाचा शाबूत असल्या तरी तो संपला. म्हणजे अण्णांचं एक बरोबर: हलका बूट कमी टिकतो आणि त्याचा सोल बहुधा बदलून मिळत नाही.

जुने बूट वापरायचेच असतील तर सहलीच्या आदल्या आठवड्यात घराभोवती घालून फिरा. सोल सुटायचा तर तिथे सुटू दे.

---

प्रेषक: अण्णा
बुधवार, दुपारी १२.४०

ठीक. पण चावीचा प्रश्न राहतोच.

---

प्रेषक: खजिनदार
गुरुवार, रात्री ८.३०

अ आणि ब जवळपास बरोबरीत आहेत. रुंद चवड्याच्या टिपा एवढ्या आल्यात की एका मॉडेलमध्ये सगळे बसणार नाहीत. जबाबदारी माझ्या नावावर येणार, म्हणून आधीच सांगतो: न घालून बघितलेल्या बुटांची ऑर्डर मी देणार नाही. परत पाठवायचा खर्च सवलतीपेक्षा जास्त होईल.

---

प्रेषक: सहल समिती
गुरुवार, रात्री ९.१५

समितीने फोनवर ठरवलं: सामुदायिक ऑर्डर रद्द. ज्याने त्याने घालून बघून घ्यावेत, अ, ब किंवा तिसरेच. समितीकडून अट एवढीच की सोलला खाचा हव्यात आणि सहलीआधी ते बूट घालून चालून झालेलं हवं. गुळगुळीत सोलवाल्यांना उताराच्या वाटेने नेणार नाही, लांबच्या सपाट रस्त्याने पाठवू. चावीचा विषय वार्षिक सभेत घेऊ.

---

प्रेषक: अण्णा
गुरुवार, रात्री ९.३०

घालून बघताना उतारावर बघा, सपाट गालिच्यावर नव्हे. दुकानात फळी नसेल तर जिन्याने उतरा. बोटं पुढे आपटली तर मोठा घ्या, चढताना टाच उचलली गेली तर दुसरा ब्रँड बघा. लेस आवळून टाच बसते असं विकणारे सांगतात, थोडीफारच बसते.

---

प्रेषक: वहिनी (फिजिओ)
शुक्रवार, सकाळी ७.५०

एकीने खाजगीत विचारलं, नाव न घेता इथेच लिहिते. उतरल्यावर अंगठ्याची नखं काळी पडतात ती बूट आखूड असल्यामुळे, किंवा पाऊल आत पुढे सरकल्यामुळे. दुसरं कारण जास्त वेळा असतं, आणि मोठा बूट घेतला की ते वाढतं. उतार सुरू होण्याआधी थांबा, टाच मागे आपटून बसवा, घोट्याकडच्या लेस घट्ट करा, चवड्याकडच्या सैलच ठेवा. मधे लेसला दुहेरी पीळ दिला तर वरचा ताण खाली उतरत नाही. नखं आदल्या दिवशी कापू नका, दोन-तीन दिवस आधी.

---

प्रेषक: छोटू
शुक्रवार, सकाळी ८.०५

वहिनी, दुहेरी पिळाचा फोटो टाकाल का? माझ्या लेस गोल आणि गुळगुळीत आहेत, पीळ टिकतच नाही.

---

प्रेषक: खजिनदार
शुक्रवार, सकाळी ८.२०

चपट्या लेस घे. आणि फोटो लिस्टवर नको, फाइल मोठी झाली की निम्म्यांना मेल पोचत नाही.