पार्ट जोडून बनवलेला बास गिटार विकायचाय, दिसायला कसाय अन् किती मागू?

लातूरचा_लो_ई
मंडळी, फोटो टाकलेत, बघून खरं खरं सांगा. बॉडी फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासच्या शेपची, अल्डर लाकडाची, फिकट निळा रंग, त्यावर लाल कासवछाप (कासवाच्या पाठीसारख्या नक्षीचा) पिकगार्ड. नेक (तारा दाबायची दांडी) जॅझचा, म्हणजे फेंडरच्याच दुसऱ्या बासच्या मापाचा, पण वॉरमॉथ कंपनीनं बनवलेला, रोझवुडच्या फिंगरबोर्डवर ब्लॉक इनले (चौकोनी खुणा), अमेरिकेतून मागवलेला, कस्टम ड्युटी वरून वेगळी बसली. पिकअप (तारांचा आवाज पकडणारा) सेमूर डंकनचा क्वार्टर पाउंडर, ब्रिज (बॉडीवर तारा अडकवायचा) गोतोचा सोनेरी अन् तारा आवळायच्या चाव्या क्रोमच्या, कारण सोनेरी तेव्हा भेटल्याच नाहीत. सगळं मिळून ७५ हजाराच्या वर गेले. आता आमच्या गाण्याच्या पार्टीत पाच तारीचा बास पाहिजे म्हणायलेत, जयंतीचे प्रोग्राम सुरू व्हायच्या आत हा काढून तो घ्यायचाय. एक जण बघायला आला, हातात घेतला, वाजवला बी नाही अन् २५ देतो म्हणला, लई डोकं फिरलं राव. ६० मागितले तर जास्त होतंय का? अन् दिसायला बरा वाटायलाय ना?

संभाजीनगर_थम्प
रंग एक नंबर हाय भावा. फिकट निळ्यावर कासवछाप हे जुनंच कॉम्बिनेशन हाय, ६० च्या दशकात फेंडरवाले असले रंग मोटारगाड्यांच्या ड्युपाँट पेंटमधूनच उचलायचे, त्यामुळं बघणाऱ्याला लगेच ओळखीचं वाटतं. पण सोनेरी ब्रिज अन् क्रोमच्या चाव्या म्हणजे शेरवानीखाली स्लिपर घातल्यावानी दिसायलंय, पार्ट जोडून केलाय हे दहा फुटावरून कळतं. ब्रिज क्रोमचा टाक, सोनेरी वेगळा विक. ब्लॉक इनलेचं म्हणशील तर ते जॅझवर १९६६ च्या आसपास आले, प्रिसिजनच्या बॉडीवर काही कट्टर लोकं नाक मुरडतील, पण ते तुझे गिऱ्हाईकच नव्हेत. जॅझचा नेक हा उलट तुझा प्लस पॉइंट हाय. नटला, म्हणजे वरच्या टोकाला, रुंदी ३८ मिलीमीटर, प्रिसिजनचा ४१ च्या वर असतो, बारीक हाताच्या पोराला हाच पाहिजे असतो. फेंडरनं बी ८० च्या दशकात जॅझ बास स्पेशल काढला होता, त्याला प्रिसिजनचीच बॉडी अन् जॅझचा नेक होता, म्हणजे जोडी काही वेडीवाकडी नाही.

एक फोटो कमी हाय. नेक बॉडीत बसतो तिथला जवळून काढ. तिथं फट नसली तर अर्धा सौदा झाला समज, मी तर आधी तेच बघतो अन् मग रंग.

परभणी_बासभक्त
पार्टच्या गिटारला भाव नसतो असं लोकं कामून म्हणतेत? गिटारवाला एरिक क्लॅप्टनची ब्लॅकी नावाची गिटार तीन जुन्या फेंडर स्ट्रॅट गिटारचे पार्ट जोडूनच बनवलेली होती की, अन् २००४ ला लिलावात साडेनऊ लाख डॉलरच्या वर गेली. ६० कायला, ७० माग. अन् हेडस्टॉकवर (चाव्या असतेत त्या टोकाला) फेंडरचं स्टिकर लावून टाक, ऑनलाइन भेटतं, १० हजार तसेच वाढतेत.

नांदेड_सोल्डरवाला
परभणीकर भाऊ, ब्लॅकीचे पैसे क्लॅप्टनच्या हाताचे होते, लाकडाचे नाही. हे पोरगं लातुरात वाजवतंय.

स्टिकरचा विचार बी करू नको. बॉडीच्या शेपवर फेंडरचा हक्क नाही, २००९ ला अमेरिकेत शेपच्या ट्रेडमार्कचा त्यांचा अर्ज फेटाळला गेला, पण नाव अन् हेडस्टॉकचा आकार त्यांचाच हाय, वॉरमॉथ बी रीतसर लायसन घेऊनच तो आकार कापतं. जाणकार माणूस चार स्क्रू काढून नेकची टाच बघतो, तिथं वॉरमॉथचा शिक्का दिसला अन् वर फेंडरचं स्टिकर, की तू सांगितलेली बाकीची प्रत्येक गोष्ट बी त्याला खोटी वाटायला लागते. उलट जाहिरातीत ठळक लिही की नेक वॉरमॉथचा हाय, बिल हाय. त्या नावालाच गिऱ्हाईक हाय.

आता पैशाचं. तू किती घातले ह्याच्याशी घेणाऱ्याला काही घेणंदेणं नसतं. ड्युटी, कुरियर, पेंटवाल्याची मजुरी हे पैसे गेले म्हणून समज. घेणारा विचार करतो की ह्यात थोडे टाकले तर कंपनीचा नवा येतो, वॉरंटीसहित, अन् उद्या विकायचा झाला तर नाव बघून लगेच जातो. म्हणून जोडलेला बास ३५ ते ४० ला गेला तरी मी चांगला म्हणीन, ६० नाहीच. पार्ट सुटे करून विकलेस तर नेक सगळ्यात आधी अन् चांगल्या भावात जाईल, पिकअप बी जाईल. बॉडी मात्र पडून राहती, कारण रंग तुझ्या आवडीचा अन् भोकं तुझ्या ब्रिजची. त्यामुळं बॉडीला कुणी हो म्हणल्याशिवाय नेक सोडू नको, नाहीतर भिंतीला टांगायला एक निळी फळी उरंल.

अन् मराठवाड्यात विकायच्या भानगडीत पडू नको. आपल्याकडं अर्ध्या पार्ट्यात बास कीबोर्डवाल्याच्या डाव्या हातात असतो, घेणार कोण? पुण्या-मुंबईला टाक. वजन काट्यावर घालून लिही, ४ किलोच्या खाली भरलं तर पहिल्याच ओळीत. नेक सुटा करून पाठवता येतो हे बी लिही, खोका लहान होतो अन् हेडस्टॉक मोडायची भीती कमी. पाठवायच्या आधी फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या) कडंवरून बोट फिरव. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसतो अन् फ्रेटची टोकं बाहेर येतेत, घेणाऱ्याला पहिलं तेच टोचतं. बारीक फाइल मारून घे, पण नेकच्या फिनिशला टेप लाव आधी.

लातूरचा_लो_ई
काट्यावर ३.९ भरला, आत्ताच किराणा दुकानात जाऊन आलो, दुकानदार बघतच राहिला. फटीचा फोटो टाकलाय, बघा, कागद बी जात नाही आत. ब्रिज क्रोमचा बघतो, सोनेरी कुणाला पाहिजे असला तर इथंच सांगा. ४२ लिहून टाकतो, घासाघीस करून ३८ पर्यंत येईन.

संभाजीनगर_थम्प
फट बघितली, मस्त बसलाय. ४५ लिही, ३८ वर यायला जागा राहती. अन् तो २५ वाला परत आला तर त्याला सोनेरी ब्रिज दाखव.