आठव्या महिन्यात जन्मलेली मुलगी आठ महिन्यांची झाली, तरी बसत नाही

प्रश्न : एक आई, तालुका घाटंजी, जिल्हा यवतमाळ

नमस्कार. माझ्या मुलीचा जन्म ३१ आठवडे पूर्ण झाल्यावर, म्हणजे आठवा महिना नुकताच लागला असताना झाला. तेव्हा तिचे वजन १ किलो ४०० ग्रॅम होते आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ती ३४ दिवस भरती होती, त्यातले पहिले १२ दिवस काचेच्या पेटीत. "सातमाशे जगते, आठमाशे जगत नाही" असे गावात माझ्या तोंडावर म्हणणारेही भेटले; पण ती जगली, आणि आज तिचे वजन ६ किलो १०० ग्रॅम आहे.

माझ्या जावेचा मुलगा तिच्याच आठवड्यात जन्मलेला असून तो आता आधाराशिवाय बसतो. माझी मुलगी उशीचा टेकू दिला तरी एका बाजूला कलते. तिने मान धरली आहे, ती पालथी पडते आणि हाक मारली की वळून हसते. खुळखुळा उजव्या हाताने लगेच धरते. डाव्या हाताची मूठ बहुतेक वेळ मिटलेली असते, ती तिची सवय असावी. डोळ्यांचा पडदा दोनदा तपासून झाला आहे, कानांची तपासणी झालेली नाही. सासूबाई म्हणतात की आठमाशी आहे, सगळे उशिराच करील. किती दिवस वाट पाहावी? आणि पुढे शाळेत ती इतर मुलांच्या बरोबरीने राहील का?

उत्तर १ : चौथीतल्या मुलाची आई, जिल्हा वर्धा

ताई, माझा मुलगा ३२ आठवड्यांचा. तो दहाव्या महिन्यात बसला आणि दीड वर्षाचा झाल्यावर चालू लागला. पहिली दोन वर्षे साध्या सर्दीनेही त्याची छाती घरघरत असे, ते आता थांबले आहे. वाचन चांगले आहे, मात्र गणितात तो अडतो आणि एका जागी फार वेळ लक्ष लागत नाही. त्याच्या बाईंना मी त्याच्या जन्माची हकीकत सांगितली, तेव्हापासून त्या त्याला पुढच्या बाकावर बसवतात आणि उदाहरण दोन टप्प्यांत तोडून देतात. हे मी पहिलीतच सांगायला हवे होते.

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ, ग्रामीण भागात काम करणारा

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीची चिंता सोडावी आणि दुसरीची आजच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली बसण्याची. बाळ ४० आठवड्यांऐवजी ३१ व्या आठवड्यात आले, म्हणजे नऊ आठवडे लवकर. दोन वर्षांपर्यंत विकास पाहताना हे आठवडे वयातून वजा करायचे असतात. त्या हिशेबाने तुमची मुलगी जेमतेम सहा महिन्यांची आहे आणि या वयात अनेक निरोगी बाळे आधाराशिवाय बसत नाहीत. जावेच्या मुलाशी तिची तुलना करू नका. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्याव्यात, तिथे वजाबाकी नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात, ती डाव्या मुठीची. सहा महिन्यांच्या बाळाने दोन्ही हात सारखेच वापरले पाहिजेत. वर्षाच्या आत एकच हात पुढे येत असेल, तर त्याला सवय समजून चालत नाही. ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या मेंदूतील रक्तवाहिन्या फार नाजूक असतात. तिथे रक्तस्राव झाला किंवा रक्तपुरवठा कमी पडला, तर हातापायांकडे जाणाऱ्या तंतूंना इजा होऊ शकते, आणि उजव्या बाजूच्या इजेचा परिणाम डाव्या अंगावर दिसतो. तसेच असेल असे मी म्हणत नाही, पण तपासल्याशिवाय कळणार नाही. ती पोट भरून जागी असताना तिचा उजवा हात हलकेच धरून ठेवा, खुळखुळा डाव्या बाजूने दाखवा आणि मूठ उघडते का, अंगठा आत दुमडलेला राहतो का, ते पाहा. लंगोट बदलताना मांड्या ताठ लागतात का, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात का, हेही पाहा.

या तपासणीसाठी जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या विभागात जावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही सेवा मोफत आहे. वर्ष भरण्याची वाट पाहू नका, कारण या काळात मेंदू नवीन वाटा शोधू शकतो आणि व्यायामाचा उपयोग सर्वांत जास्त होतो. त्याच फेरीत कानांची बेरा चाचणी (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का, हे यंत्राने पाहणारी) करून घ्या. आवाजाला वळते म्हणजे दोन्ही कान ठीक आहेत, असे होत नाही. वर्षाची झाल्यावर तिरळेपणा आणि चष्म्याच्या नंबरासाठी डोळे पुन्हा दाखवा. लोहाचे थेंब सुरू आहेत का, तेही कळवा.

उत्तर ३ : आशा कार्यकर्ती, जिल्हा गडचिरोली

आमच्या जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला, १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि आज आम्ही आशा ज्या भेटी देतो त्यांचे मूळ तिथे आहे. बाळ जगले की घरचे सुटकेचा श्वास सोडतात, आणि मग मिटलेल्या मुठीकडे कोणाचे लक्ष जात नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. ताई, सुट्टीच्या वेळी मिळालेला कागद आणि लसीकरणाचे कार्ड बरोबर न्या, नाहीतर मजुरी बुडवून केलेली फेरी वाया जाते. कानात तेल घालू नका, अंगावर बिब्बा लावू देऊ नका आणि चालण्यासाठी पांगुळगाडा घेऊ नका. सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांचे त्यांनी स्वतः ऐकले, तर घरचे व्यायाम रोज होतील.

पुन्हा प्रश्नकर्ती

उजवा हात पदरात गुंडाळून पाहिले. डावी मूठ बऱ्याच वेळाने उघडली, तीही अर्धीच, आणि अंगठा आतच राहिला. मांड्या मऊ आहेत. लोहाचे थेंब दोन महिन्यांपूर्वी संपले, ते पुन्हा आणले नव्हते. मंगळवारी पहिल्या एसटीने आम्ही यवतमाळला जात आहोत, सासूबाईही येणार आहेत.