आंबोलीत रात्री बेडूक-साप पाहताना दगड उलटावेत का?

रानवाट: जुलैत आंबोलीला जातोय. सड्यावरचे (कातळी पठारावरचे) दगड उलटून पाहिले तर चालेल का?

कातळसडा: अजिबात नको. दगडाखालचा ओलावा एकदा उडाला की दगड परत ठेवूनही लगेच भरून येत नाही. आंबोली टोड (2009 साली नोंदलेली, अतिसंकटग्रस्त बेडूक-जाती) कातळावरच्या उथळ डबक्यांत अंडी घालतो. त्यामुळे डबक्यात पाय टाकू नका, कोरड्या कातळावरूनच चाला. उलट ओढ्याकाठी फांद्यांवर बॅटरी मारा. पाण्यावर लोंबणारी बेडकांची फेसाची घरटी दिसतील. ती फांदी वाकवू नका, पिल्लं थेट पाण्यात पडायला हवीत.

हिरवाचापडा: गमबूट घालाच. मलबारी चापडा हा विषारी साप कमरेच्या उंचीवर निपचित बसतो, म्हणून आधी उजेड, मग हात. दोन मीटर अंतर ठेवा. दोन-तीन फोटो पुरेत, फ्लॅशचा मारा नको.

ओलीपानं: डासांचं मलम लावलेल्या हाताने बेडूक धरू नका, त्याची त्वचा ते शोषून घेते. खरं तर धरूच नका. दुसऱ्या जंगलातून येत असाल तर बुटांचा चिखल ब्रशने काढा आणि बूट पूर्ण वाळवा. बेडकांना जीवघेणी ठरणारी कायट्रिड बुरशी ओल्या चिखलातून पसरते. आणि फोटो टाकताना नेमकं ठिकाण कृपया लिहू नका.