‘जोकर’ (२०१९) : यातलं राजकारण नेमकं कुठे शोधायचं?

अंधारखोली
फिल्म क्लबात टॉड फिलिप्सचा ‘जोकर’ दाखवून नंतर तासभर चर्चा ठेवली आहे. दोन तट पडणार हे नक्की. काहींना हा गरिबांच्या उठावाचा सिनेमा वाटतो, तर काहींना उठावाची धास्ती घालणारा. नायक आर्थर, पोटापाण्यासाठी विदूषक होणारा आणि पुढे जोकर बनणारा, स्वतः मरे या टीव्ही सूत्रसंचालकाच्या शोमध्ये राजकारणाशी संबंध नाकारतो. मग राजकीय सूर कोणत्या प्रसंगांत शोधायचा? तीन-चार तुकडे पुन्हा दाखवता येतील. ‘औषधं बंद झाली म्हणून तो खुनी झाला’ यावर सगळं संपू नये, एवढंच वाटतं.

रीळवाला
आर्थर काय बोलतो ते आधी बाजूला ठेवा आणि पैसा कुठे आटतोय ते बघा. सुरुवातीलाच रेडिओवर बातमी आहे : कचरा कामगारांच्या संपाचा १८ वा दिवस. शहराचं नाव गॉथम, काल्पनिक, साल १९८१, पण डोळ्यांसमोर आहे ते सत्तरीच्या दशकातलं न्यूयॉर्क. १९७५ मध्ये त्या शहराची तिजोरी रिकामी झाली होती. जुलैत सफाई कामगारांना कामावरून कमी केलं, त्यांनी काम बंद केलं आणि रस्त्यांवर कचरा साचला. ऑक्टोबरात अध्यक्ष फोर्ड यांनी शहराला वाचवायला केंद्राचा पैसा देणार नाही असं जाहीर केलं. ही पार्श्वभूमी दोन मिनिटांत सांगितलीत की पडद्यावरच्या काळ्या पिशव्यांचे ढीग निव्वळ सजावट वाटत नाहीत.

मग समुपदेशक बाईंबरोबरची दुसरी भेट दाखवा. सामाजिक सेवांचा निधी कापला गेलाय, कार्यालय बंद होतंय, ही आपली शेवटची भेट, असं त्या सांगतात. आर्थर विचारतो, मग माझी औषधं कुठून मिळायची? त्या बाई म्हणतात की वरच्यांना तुझ्यासारख्यांची फिकीर नाही आणि माझ्यासारख्यांचीही नाही. माझ्या मते अख्ख्या सिनेमातलं सर्वांत राजकीय वाक्य हेच आहे, आणि ते कारकुनी टेबलामागून येतं. साल १९८१ आहे हेही सांगा. कार्टर यांनी १९८० मध्ये सही केलेला मानसिक आरोग्य सेवांचा कायदा रेगन यांच्या ऑगस्ट १९८१ च्या अर्थसंकल्पी कायद्याने बहुतांशी रद्द झाला आणि केंद्राचा पैसा आटवून तो राज्यांच्या हवाली केला गेला. सिनेमात एकाही राष्ट्राध्यक्षाचं नाव येत नाही, तरी कात्री तीच आहे.

औषधांबद्दल : प्रसंगांचा क्रम फळ्यावर लिहाच. आर्थरने रेल्वेत केलेले तीन खून आधी होतात, कपातीची बातमी नंतर येते. गोळ्या झाडताना तो सात औषधांवर असतो. ‘औषधं बंद, म्हणून खून’ हे गणित पहिल्या तीन खुनांना लागूच पडत नाही. हा क्रम न सांगता चर्चा सुरू केलीत, तर पुढचा सगळा वेळ मनोरुग्ण धोकादायक असतात की नाही यावर जाईल.

तिसरी_घंटा
रीळवाला यांच्याशी सहमत, पण रेल्वेचा प्रसंग वगळू नका, खरा पेच तिथेच आहे. हा प्रसंग २२ डिसेंबर १९८४ च्या घटनेची आठवण करून देतो. बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या माणसाने न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत चार कृष्णवर्णीय तरुणांवर गोळ्या झाडल्या. चौघेही वाचले, एकाला कायमचं अपंगत्व आलं. १९८७ मध्ये ज्युरीने खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून त्याला सोडलं, दोष फक्त बेकायदा शस्त्राचा ठेवला. सिनेमा काय करतो? समोर शहरातला धनाढ्य थॉमस वेन याच्या कंपनीचे तीन सुटाबुटातले गोरे तरुण आणतो. वंशाचा प्रश्न पुसला जातो, त्या जागी वर्गाचा येतो, आणि गोळीबार पचायला सोपा होतो.

एक बारकावा : पहिल्या दोघांवर तो मार खाताना झाडतो, तिसऱ्याचा मात्र जखमी अवस्थेत फलाटावर पाठलाग करतो. चित्र तिथे थांबवा आणि विचारा, तुमची सहानुभूती अजून शाबूत आहे का?

आणि आर्थरला नकार कळवायचं काम कोणाकडे आहे, तेही मोजा. समुपदेशक बाई, बसमधली आई, अर्कम या मनोरुग्णालयाचा कारकून : तिघंही कृष्णवर्णीय. निर्णय घेणारा थॉमस वेन टीव्हीवर. दिग्दर्शकाने हे हेतूने केलं असो वा नसो, राग खालच्या खिडकीवर निघतो हे दिसतंच.

अंधारखोली
क्रमाचा मुद्दा फारच उपयोगी. जमावाचं काय? विदूषकांचे मुखवटे घातलेले हजारो लोक शेवटी नेमकं मागतात काय?

रीळवाला
काहीच नाही, आणि सिनेमाचा कच्चा दुवा तोच. फलकांवर राग आहे, पण मागणी, संघटना, पुढारी काही नाही. संपावरचे कामगार रेडिओतच राहतात, एकही चेहरा दिसत नाही. शहर बुडत असताना युनियन गायब आणि फक्त झुंड उरते, ही मांडणी वरवर बंडखोर असली तरी आतून सनातनी आहे. उठाव म्हणजे जाळपोळ, एवढंच चित्र प्रेक्षक घरी नेतो.

म्हणून चौथा तुकडा वेन हॉल या चित्रपटगृहाचा घ्या. बाहेर निदर्शनं, आत काळ्या सुटातली मंडळी चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) बघत हसताहेत. पडद्यावर डोळ्यांना पट्टी बांधून स्केटिंग चाललंय. त्याच सिनेमात, इथे न दाखवलेला, एक प्रसंग आहे : ट्रकवरून पडलेलं लाल निशाण परत द्यायला चॅप्लिन ते उचलून हलवतो, मागून मोर्चा येतो आणि पोलीस त्यालाच पुढारी समजून पकडतात. आर्थरही असाच अपघाताने म्होरक्या होतो. फरक एवढा की चॅप्लिनच्या मागे चालणारे बेकार कामगार आहेत, त्यांचे फलक वाचता येतात. चॅप्लिनचं ते छोटं दृश्य लागोपाठ दाखवा आणि दोन्ही मोर्चांत माणसं कोण आहेत, एवढंच विचारा.