नाताळआधीचा चार रविवारांचा आगमनकाळ सुरू झाला पण मन लागत नाहीये, वचनावर भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

वसईची_पोर:
जय ख्रिस्त सगळ्यांना. रविवारी पहिली जांभळी मेणबत्ती पेटवली पण खरं सांगू का, आतून काहीच वाटलं नाही. गेल्या वर्षी ह्याच दिवसांत पप्पा आयसीयूत होते, रोज रोझरी केली, वांद्र्याच्या मोत माऊलीला नवस बोललो, आणि नाताळच्या आठ दिवस आधी पप्पा गेले. आता फादर म्हणतात देव वचन पाळतो, वाट बघा. कशाची बघू? असं विचारणं पाप आहे का?

नगरचा_मी:
पाप कसलं ताई. तुमच्या कॅथलिकांकडे गुलाबी मेणबत्तीच्या, म्हणजे तिसऱ्या रविवारी, दर तीन वर्षांनी, बायबलातल्या मत्तयचा ११ वा अध्याय वाचतात ना (आमचे पाळकसाहेब मनाला येईल ते घेतात, असो) ते परत काढा. ज्याने यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा केला तोच योहान तुरुंगातून निरोप धाडतो की येणारा तो तूच का आम्ही दुसऱ्याची वाट बघू. येशू रागवत नाही, आंधळे बघतायत, लंगडे चालतायत हे त्याला सांगा म्हणतो, म्हणजे यशया संदेष्ट्याच्या ३५ व्या अध्यायातलंच. पण तुला सोडवतो असं कुठंच म्हणत नाही, आणि पुढं हेरोद योहानाचं मुंडकं उडवतोच. मला हे लई वर्षं टोचायचं. तारणाचं वचन म्हणजे आत्ताचं संकट टळेल असा शब्द नाही, मरणातही सोडणार नाही असा आहे, आपण दोन्ही एकच धरून बसतो.

मेणबत्तीवाला:
मी पहिली विसरलो, पुढच्या रविवारी दोन एकदम पेटवल्या तर चालतंय का

निर्मळची_मावशी:
चालतंय रे. बाय, मला एवढं शास्त्र कळत नाय. आमचे हे गेले त्या वर्षी मी नाताळचा गोठा करणारच नव्हते, नातवाने हट्टाने वाटीत नाचणी पेरली आणि रोज बोट घालून उकरायचा, आलं का आलं का, निम्मी मेली. उरलेल्या निम्मीत बाळ येशू ठेवला. वाटलं नाय तरी पेटव मेणबत्ती, रडू आलं तर रड. लूकमधली हन्ना ८४ वर्षांची विधवा, तिला काय मंदिरात रोज भारी वाटत असेल?

वसईची_पोर:
नगरवाले दादा, योहानाचं असं कधी डोक्यातच आलं नव्हतं. मावशी, नाचणी आत्ता पेरू?

निर्मळची_मावशी:
आत्ता नको गं, पिवळी पडेल. नाताळच्या दहा-बारा दिवस आधी पेर. आणि उकरू नको.