नशा करणाऱ्याला तुरुंग की उपचार?

आडवाट (धागाकर्ता):
माझा धाकटा भाऊ सहा वर्षं गर्द, म्हणजे हलक्या प्रतीचं हेरॉइन ओढत होता. त्याच्या उशीच्या अभ्र्यात चांदीच्या कागदाचे तुकडे सापडायचे, मधोमध काळी रेघ उमटलेली. ती रेघ कसली हे कळायलाच आम्हाला वर्ष लागलं. पुढे पोलिसांनी त्याला पकडलं. जवळ विकण्याएवढा माल नव्हता, स्वतःपुरताच होता. आठ महिने आत राहिला. सुटल्यावर तिसऱ्या दिवशी गेला. आठ महिन्यांत शरीराची सवय मोडली होती आणि त्याने घेतला तो पूर्वीचाच डोस.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. विकणाऱ्याला जरूर पकडा, पण वापरणाऱ्याला कोठडीत टाकू नका. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या वापरापुरता, म्हणजे साधारण दहा दिवसांचा साठा बाळगणं हा फौजदारी गुन्हा मानणं बंद केलं. विक्री तिथे आजही गुन्हाच आहे. इंजेक्शनवाटे नशा करणाऱ्यांमध्ये एचआयव्हीची नवी लागण तिथे झपाट्याने खाली आली. सरकारी धोरण म्हणजे नुसत्या धाडी आणि जप्त मालासमोर काढलेले फोटो नव्हेत.

पारिजात:
तुमच्या भावाबद्दल वाचून पोटात कालवलं. तरीही मी विरुद्ध मत मांडणार आहे, कारण माझा मुलगा अटकेमुळेच वाचला.

चार वर्षं आम्ही हातापाया पडलो. डॉक्टर झाले, शपथा झाल्या, घरातून हाकलून देऊन झालं. 'उद्यापासून सोडतो' हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल! शेवटी न्यायाधीशांनी विचारलं, उपचार घेतोस की आत जातोस? तेव्हा तो केंद्रात गेला. नशेत बुडालेला माणूस आपणहून उपचार मागेल, हे ज्याच्या घरात व्यसन नाही त्यालाच पटेल.

आणि पोर्तुगालबद्दल बोलताना ओरेगॉन का विसरायचं? अमेरिकेतल्या त्या राज्यात २०२० मध्ये लोकांनी मतदान करून स्वतःपुरता माल बाळगण्याची तुरुंगाची शिक्षा काढून टाकली. नुसता शंभर डॉलरचा दंड, आणि मदतीच्या नंबरवर फोन केला की तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले. उघड्यावर चाललेली नशा बघून लोक इतके वैतागले की २०२४ मध्ये माल बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवावं लागलं. धाक काढून घेतलात तर आईबापांच्या हातात उरतं काय?

निशिगंध:
मी व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. तुम्हा दोघांचंही दुःख रोज समोर बसलेलं असतं.

ओरेगॉनमध्ये दंडाची पावती आधी आली, उपचारांचा पैसा मागाहून पोहोचला आणि त्याच काळात फेंटानिल, म्हणजे प्रयोगशाळेत बनणारं हेरॉइनसारखं जहाल रसायन, पसरत होतं. पोर्तुगालमध्ये पकडलेल्या माणसाला एका समितीपुढे जावं लागतं. तिच्यात कायद्याचा जाणकार असतो, तसेच आरोग्य आणि समाजकार्यातले लोकही. ते त्याच्याशी बोलतात आणि उपचारांकडे वळवतात. म्हणजे कोणीतरी गाठतंच, फक्त बेड्या न घालता. पुढे आर्थिक संकटात तिथल्या सेवांवरचा खर्च आटला, तेव्हा तिथेही ताण जाणवू लागला.

धाकाचा उपयोग होतो, हे मी नाकारत नाही. पण धाकाने माणूस दारापर्यंत येतो, आत खाट लागते. सोमवारी सकाळी फोन येतो, 'टर्की लागलीय, आज घ्या मला.' टर्की म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा शरीराचा त्रास. आम्ही म्हणतो, शुक्रवारी जागा होईल. शुक्रवारी त्याचा फोन बंद असतो. असे किती फोन बंद झाले, ते मला मोजवत नाही.

दीपस्तंभ:
सगळी चर्चा घेणाऱ्यावर चाललीय. मालच मिळाला नाही तर घेणार काय? सिंगापूर बघा. पंधरा ग्रॅमपेक्षा जास्त शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला तिथे फाशी आहे. हेरॉइन अफूपासून बनतं; अफगाणिस्तानात एप्रिल २०२२ मध्ये तालिबानने अफूवर बंदी आणली आणि पुढच्याच वर्षी तिची लागवड सुमारे ९५ टक्क्यांनी घसरली. सत्तेने मनावर घेतलं की होतं. दया दाखवत बसलात तर पेडलर पोरांना शाळेच्या फाटकावर गाठतील.

आडवाट:
पेडलरवर दया दाखवा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. पण अफूचं शेत वरून दिसतं, प्रयोगशाळा दिसत नाही. फेंटानिलला शेत लागतच नाही. ते हेरॉइनच्या साधारण पन्नास पट तीव्र, म्हणजे पोतं नको, पाकीट पुरतं. आणि त्या बंदीने गरीब शेतकऱ्याचं उत्पन्न गेलं, साठेबाजाच्या मालाचा भाव मात्र वाढला.

कोलंबियाचा कोकेन तस्कर पाब्लो एस्कोबार १९९३ मध्ये मारला गेला. कोकेन थांबलं? धंदा दुसऱ्या टोळ्यांनी उचलला. सिंगापूरच्या फासावरही बहुतेक वेळा माल वाहून नेणारा गरीबच चढतो. धाडी घालायच्याच असतील तर पैशाच्या वाटेवर घाला, कच्च्या रसायनांच्या व्यापारावर घाला. तिथे हात घालायला वेळ लागतो आणि फोटोही निघत नाही, म्हणून कोपऱ्यावरचा गर्दुल्ला उचलला जातो. आकडा तेवढा भरतो.

पारिजात:
यातलं पैशाच्या वाटेचं मला पटतं. पण विकणारा वेगळा आणि घेणारा वेगळा, इतकं ते सरळ नसतं हो. माझा मुलगा स्वतःच्या नशेसाठी मित्रांना पुड्या पोहोचवत होता. हे लिहायला मला आजही जड जातं. तुमच्या दहा दिवसांच्या मोजपट्टीत तो कुठे बसतो? आणि मर्यादा ठरली की विकणारे तेवढाच माल खिशात ठेवून फिरतील. म्हणून निर्णय न्यायाधीशाच्या हातात राहू दे, एवढंच माझं म्हणणं. सरसकट सोडूही नका, सरसकट डांबूही नका.

निशिगंध:
त्या निर्णयाइतकाच सुटकेचा दिवस महत्त्वाचा आहे, त्यावर कोणी बोलत नाही. सुटल्यानंतरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. आत असतानाच मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे हेरॉइनची ओढ आवरणारी औषधं, सुरू करता येतात. घरच्यांच्या हाती नॅलोक्सोन, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेचा डोस जास्त झाल्यावरचा उतारा, देता येतं. ते नाकात फवारायचं असतं, दहा मिनिटांत शिकवता येतं आणि अडलेला श्वास परत आणतं. यासाठी कायदा बदलायचीही वाट बघायला नको.

पारिजात:
आडवाट, त्याला सोडताना तुम्हाला कोणी काहीच सांगितलं नव्हतं का?

आडवाट:
नाही. त्याचा पट्टा, घड्याळ आणि चपला परत दिल्या आणि एका कागदावर सही घेतली. मी फाटकापाशीच उभा होतो.