एक खोली मालकाच्या सामानाला, भाडं मात्र अख्ख्या फ्लॅटचं?

तिसरा_मजला
लिव्ह अँड लायसन्स करारात 'टू बीएचके' लिहिलंय. चाव्या देताना मालक म्हणाले, "आतल्या खोलीत आमचं थोडं सामान आहे, राहू दे." थोडं म्हणजे दोन लोखंडी कपाटं, दिवाणाखाली ट्रंका आणि माळ्यावर भांड्यांची पोती. वर मनात येईल तेव्हा स्वतःच्या किल्लीने दार उघडून ते सामान बघायला येतात. बायको घरात एकटी असली तरी! माझं म्हणणं सरळ आहे. सामान ठेवायचं तर भाडं कमी करा, आणि येण्याआधी कळवा.

जुनं_घर
मी घरमालक आहे. लिव्ह अँड लायसन्समध्ये तुम्ही भाडेकरू नसता, लायसन्सी असता. १८८२ च्या ईझमेंट्स अ‍ॅक्टचं कलम ५२ बघा: लायसन्स ही वापराची परवानगी, तिच्याने जागेत हितसंबंध, म्हणजे जागेवर हक्क, तयार होत नाही. आईवडिलांच्या मागे राहिलेलं सामान आम्ही न्यायचं कुठे? तुम्ही ते बघूनच चाव्या घेतल्यात ना?

तिसरा_मजला
हितसंबंध नाही म्हणून कधीही आत शिरायचं? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम २८: पाहणी करायची तर आधी सूचना द्यायची आणि वाजवी वेळी यायचं. हे लायसन्सीलाही लागू आहे.

कागदपत्र
दोघांनीही मोठा धोका सोडून दिलाय. उद्या त्या कपाटाला वाळवी लागली किंवा ट्रंकेतलं काही गायब झालं, तर पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार. सामानाची यादी करा, फोटो काढा, दोघांनी सह्या करा. ट्रंका बंद असतील तर 'आतल्या वस्तूंची जबाबदारी मालकाची' असं लिहून घ्या. याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. तोंडी 'राहू दे'वर विसंबू नका.

जुनं_घर
यादी मान्य. फोन करून यावं, हेही मान्य. पण भाडं कमी करणार नाही. आम्ही भाडं ठरवतानाच ती खोली धरत नाही.

तिसरा_मजला
धरत नसाल तर करारात तसं लिहा. माझ्या करारात एका शब्दानेही ती खोली वगळलेली नाही. पूर्ण टू बीएचके लिहून सही घेतलीत, तर पूर्ण टू बीएचके द्या.